मोगऱ्याचा चहा

"गजरे आमच्या अंगणातल्या मोगऱ्याचे," सासूबाई म्हणाल्या, "आणि मंगलाष्टकांना पेटी ह्यांची."

माझ्या सासऱ्यांनी, बापूंनी, बशी तोंडाला लावली होती. ती तिथेच थांबली. समोर बसलेल्या विहीणबाई मात्र एवढ्या खूश झाल्या की त्यांनी हातातला लाडू पुन्हा ताटलीत ठेवला.

"म्हणजे बँडबिंड काही नकोच. घरची फुलं आणि घरचे सूर! चारू, नशीबवान आहेस गं."

माझी नणंद चारू माझ्याकडे बघायला लागली, मी सासूबाईंकडे, आणि सासूबाई छताकडे. बापूंनी बशीतला चहा संपवला. पाहुण्यांसमोर आवाज चढवायचा नाही हा त्यांचा नियम होता आणि सासूबाईंना तो पुरेपूर ठाऊक होता.

पाहुण्यांची रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि बापू वळले.

"मला न विचारता शब्द दिलास?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग?"

"म्हणून नाही विचारलं."

ही गोष्ट तासगावची. माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. आमचे हे नोकरीसाठी सांगलीला असायचे आणि रविवारी यायचे. त्यामुळे घरात आम्ही चौघंच. बापू एके काळी एका हौशी नाटक मंडळीत पायपेटी वाजवायचे. पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे, अशी ती उभी, जडशीळ पेटी. गावोगावच्या जत्रांमध्ये लोक नटांच्या आधी बापूंना ओळखायचे, असं सासूबाई सांगत. मग मंडळीनं इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड घेतला. उचलायला हलका, हवा तेव्हा बासरीचाही आवाज काढतो. कुणी बापूंना वाईट बोललं नाही, उलट हार घालून, नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. बापू पेटी टेम्पोत घालून घरी आले, मधल्या खोलीत खिडकीशी ठेवली, तिच्यावर चादर टाकली आणि म्हणाले, "वारा संपला." त्यानंतर त्यांनी तिला हात लावला नाही. मी लग्न करून आले तेव्हा त्या चादरीवर इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग असायचे. बरेच दिवस मी तिला टेबलच समजत होते.

चारूची एवढीच इच्छा होती की लग्नात बापूंनी पेटी वाजवावी. तिनं एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग रुसून बघितलं. बापूंचं उत्तर ठरलेलं होतं. "मंगलाष्टकांना भटजींचा गळा पुरतो." आता सासूबाईंनी परस्पर शब्दच देऊन टाकला होता आणि तो खोटा पडला तर आमची मान सगळ्या मांडवासमोर खाली जाणार होती.

त्यात मोगराही रुसलेला. मागच्या अंगणात मोगऱ्याची लांबच लांब रांग होती, पण पानं पिवळी पडलेली, काड्या झालेल्या, कळीचा पत्ता नाही. लग्न वैशाखातलं. पेटीचं काही करणं माझ्या हातात नव्हतं, निदान मोगऱ्याचं तरी बघू, असं मी ठरवलं. माझं माहेर द्राक्षबागायतदारांचं, त्यामुळे शेतीची मासिकं वाचायची सवय होती. त्यातल्याच एकात कंपोस्ट टीबद्दल वाचलेलं आठवलं.

"कसली टी?" सासूबाईंनी विचारलं.

"खताचा चहा. मुरलेलं खत फडक्यात बांधून पाण्यात सोडायचं, थोडा गूळ घालायचा आणि दिवसभर पाण्यातून हवा सोडत राहायची. त्या हवेवर खतातले चांगले जीव वाढतात. मग ते पाणी झाडांना द्यायचं."

"आणि हवा थांबली तर?"

"तर पाणी नासतं. गटारासारखा वास येतो."

"आलं घालायचं का?" बापूंनी पेपरामागून विचारलं. "आणि पाहुण्यांना नेमका कुठला चहा द्यायचा, ते डब्यावर लिहून ठेवा."

बापू थट्टा करत होते, म्हणजे राग उतरला होता. पण त्यांच्या रागाचं आणि पेटीचं खातं वेगळं होतं.

असा चहा करायचं तयार यंत्र मिळतं, असं मासिकात लिहिलं होतं. चौकशी केली तर ते यायला लग्न उलटून गेलं असतं. मग घरातच जुळवाजुळव सुरू झाली. निळा ड्रम आंघोळीच्या पाण्याचा. फडकं श्रीखंडाचा चक्का टांगायचं. ते देताना सासूबाईंनी "परत नाही घेणार हं मी" असं मला दोनदा बजावलं. हवेसाठी चारूच्या जुन्या फिशटँकचा छोटा पंप सापडला. त्यातले मासे कधीच गेले होते, पंप तेवढा जिवंत होता. नळाच्या पाण्यातलं औषध उडावं म्हणून पाणी आदल्या दिवशीच उघड्यावर भरून ठेवलं आणि संध्याकाळी पंप सुरू केला. ड्रमच्या तळातून बुडबुडे वर यायला लागले तेव्हा चारूनं आणि मी टाळ्या पिटल्या.

बापू खिडकीत येऊन उभे राहिले. कपाळावर आठी.

"बेसूर आहे."

"काय बेसूर आहे?"

"हा तुमचा पंप. पांढरी पाचच्या जरा वर आणि काळी चारच्या खाली. ना धड इकडे, ना तिकडे. त्या कोपऱ्यावरच्या डीपीचा भाऊ शोभतो."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेची डीपी होती. ती दिवसरात्र गुणगुणायची. आम्हाला कुणाला ते ऐकूसुद्धा यायचं नाही, पण बापूंना ते कानात खडा गेल्यासारखं टोचायचं. लोडशेडिंग सुरू झालं की सगळं गाव शिव्या घालायचं आणि बापू खुर्ची ओट्यावर टाकून म्हणायचे, "चला, गल्ली सुरात आली." आता तोच सूर मी घरात आणून ठेवला होता. त्यांनी कानात कापसाचे बोळे घातले आणि लवकर झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. एकदम डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. पाठोपाठ अंगणातली गुणगुणही थांबली. मी लाटणं टाकून बाहेर धावले. ड्रममधलं पाणी गप्प झालं होतं.

"लाइट गेली!" मी ओरडले. "आई, पाणी नासणार आता."

"आज आपला वार नाही लोडशेडिंगचा," बापू म्हणाले. त्यांनी कापसाचे बोळे काढले, मान जराशी तिरकी केली, क्षणभर तशीच ठेवली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

"वीजवाल्यांना कसला वार अन् कसली वेळ," सासूबाई म्हणाल्या. "हवा कशी द्यायची ते बघा आता."

चारूनं आणि मी आळीपाळीनं काठीनं पाणी ढवळलं. थोड्याच वेळात आमचे खांदे भरून आले. मग सायकलचा पंप आणला. त्याच्या प्रत्येक झटक्याला एकच मोठा बुडबुडा यायचा आणि खतासकट तोंडावर उडायचा. चारूच्या गालावर लग्नाआधीच हळद लागल्यासारखं दिसायला लागलं, फक्त रंग काळा. आम्ही हसता हसता खाली बसलो, पण मला मनातून रडू येत होतं. सगळी मेहनत वाया चालली होती.

सासूबाई हात पुसत आल्या. मधल्या खोलीत गेल्या. खिडकीतून मला दिसलं, त्या इस्त्रीचे कपडे एकेक करून कॉटवर ठेवत होत्या. मग त्यांनी चादर ओढली.

"वाराच हवाय ना? घरात वारा देणारी एक वस्तू आहे."

बापूंचा पेपर खाली आला. "ती पेटी आहे. स्टोव्ह नव्हे."

"तुम्ही नका हात लावू. मी मारते भाता. जन्मभर शिवणाचं मशीन चालवलंय मी."

आणि त्या पेटीसमोर स्टुलावर बसल्या, पदर खोचला आणि खरोखरच मशीन चालवावं तशा पाय मारायला लागल्या. कुठली तरी पट्टी हाताखाली दाबली गेली. पेटी एवढ्या मोठ्यानं रेकली की कुंपणावरचं मांजर उडी मारून पळालं.

"अगं, अगं! भाता फाडशील!" बापू उठून उभे राहिले. "घाव घालतेस का तिच्यावर? टाच टेकव आधी. श्वास घेऊ दे तिला."

"मला नाही येत ते श्वासबिश्वास. नळी कुठून लावायची ते सांगा."

बापू कपाटातून पेचकस घेऊन आले आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. आत पितळेच्या जिभांची रांग होती, प्रत्येक पट्टीला एक. त्यांनी अगदी खालची जीभ अलगद काढली, फुंकर घालून रुमालात गुंडाळली आणि स्वतःच्या सुपारीच्या डब्यात ठेवली. ती जिथून निघाली त्या फटीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून फिशटँकच्या पंपाची नळी बसवली. नळी खिडकीतून बाहेर आमच्या ड्रममध्ये. मग त्या मुक्या पट्टीवर अडकित्ता ठेवला, म्हणजे ती दाबलेलीच राहील.

"मार आता. हळू."

सासूबाईंनी पाय मारले. बाहेर आम्ही ड्रममध्ये डोकावलो.

"काही नाही!" चारू ओरडली.

"जोरात मारू?"

"मारू नकोस म्हटलं ना!" बापू खिडकीत आले. त्यांनी ड्रम बघितला आणि कपाळाला हात लावला. "पेटीचा वारा म्हणजे माणसाची फुंकर. त्याला विहिरीत काय उतरवताय? पाणी उथळ पाहिजे. चार बोटं, जास्त नाही."

"उथळ आणि मोठं भांडं," सासूबाईंनी जाहीर केलं. "चारूच्या रुखवतातला टब काढा."

"आई! तो नवा आहे! त्यात खत?"

"धुऊन देऊ. तुझ्या सासूला काय वास येणार आहे?"

असा तो गुलाबी, फुलाफुलांचा टब खिडकीखाली आला. आम्ही ड्रमातलं पाणी त्यात ओतलं, राहिलेलं रुखवताच्याच दोन घमेल्यांत काढून ठेवलं, आणि नळीचं टोक टबात बुडवलं. सासूबाईंनी पाय मारले. एक बुडबुडा आला. मग त्याच्यामागून दुसरा. मग पुन्हा काही नाही. मग एकदम पाच-सहा.

"असा कुठे भाता असतो?" बापूंचा आवाज आला. "लंगडतोय नुसता. ऊठ."

"मी मारते की."

"ऊठ म्हणतो ना. नासेल पाणी पोरीचं."

सासूबाई उठल्या. स्टूल किरकिरलं. थोडा वेळ काहीच झालं नाही आणि मग टबात अगदी बारीक, एकसारखे, न तुटणारे बुडबुडे यायला लागले. शेवया सोडल्यासारखे. मी टबाच्या काठाशी बसून बघत राहिले. मासिकातल्या कुठल्याही फोटोत एवढं सुंदर पाणी नव्हतं.

बापूंचे पाय चालू होते आणि दोन्ही हात मांडीवर होते. हाताची घडी घातली, सोडली. पुन्हा मांडीवर ठेवले. नाटकाच्या पेटीवर बसलेल्या माणसानं हात कुठे ठेवायचे, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी टबातली फडक्याची पुरचुंडी वरखाली करत होते. चारू घमेली ढवळत होती. सासूबाई आत जाऊन भाजी चिरायला लागल्या आणि खिडकीकडे पाठ करून बसल्या.

मग एक सूर आला. एकच. बराच वेळ तोच धरलेला. नंतर त्याच्या शेजारचा. जणू कुणी खूप दिवसांनी घरी येऊन खोल्या उघडून बघतंय. मग एकदम दोन्ही हात पडले आणि भूप सुरू झाला. एवढ्या वर्षांनी बोटं अडखळत होती, मध्येच बापू स्वतःवर चरफडून "हं" करायचे आणि तीच जागा पुन्हा घ्यायचे. पण पाय क्षणभरही थांबले नाहीत. टबातले बुडबुडे तसेच चालू होते.

चारू ढवळायची थांबली होती. धुण्याच्या दगडावर बसून, खतानं भरलेल्या हातांनी तोंड झाकून ती रडत होती आणि हसतही होती. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "वहिनी, तू ढवळ गं. माझ्याच्यानं नाही होत." माझ्याच्यानंही होत नव्हतं. आम्ही दोघी ढवळत बसलो. इतका आनंद मी त्या घरात आल्यापासून अनुभवला नव्हता, आणि एवढ्या घाणीत तर आयुष्यात नाही.

जेवणं झाली तरी पेटी चालूच. बापूंनी कसाबसा भात खाल्ला, तेवढ्यापुरत्या सासूबाई लंगड्या भात्यावर बसल्या. दुपारी पाण्यात गुळाचा आणखी एक खडा टाकावा म्हणून मी डबा उघडला तर तो रिकामा. मी शेजारच्या मंगसुळे काकूंकडे गेले. काकू स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी वाटत होत्या. डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

"तुमच्याकडे लाइट आली?" मी विचारलं.

"गेली कधी होती?" काकू म्हणाल्या. "काय गं, आज तुमच्याकडे गाणं काय, पेटी काय. बापू वाजवतायत होय?"

मी गूळ घेऊन परत आले आणि सरळ पडवीतल्या मीटरपाशी गेले. तिथली पांढऱ्या चिनी मातीची फ्यूजची दांडी जागेवर नव्हती. नुसतं भोक.

सासूबाई मोगऱ्यापाशी पिवळी पानं खुडत होत्या. मी जाऊन शेजारी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या गुळाकडे बघितलं आणि सगळं समजल्या. कमरेला खोचलेल्या पदराच्या गाठीतून फ्यूज काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. तो त्यांच्या अंगाच्या उबेनं गरम झाला होता.

"संध्याकाळी लाव," त्या म्हणाल्या. "आत्ता नको. आता कुठे हात वळायला लागलाय त्यांचा."

"आणि पाणी नासलं असतं तर?"

"मोगरा बाजारातून आणता आला असता गं," त्या हळूच म्हणाल्या. "हे कुठून आणणार होते मी? बापूंना सांगू नकोस."

मला इतकं हसू आलं की मी तोंडात पदर कोंबला. संध्याकाळी फ्यूज लावला, पंखे फिरले. सासूबाई "आली बाई एकदाची" असं म्हणून देवाला नमस्कारसुद्धा करून आल्या. पाण्याला नांगरलेल्या रानासारखा चांगला वास येत होता. गाळून आम्ही ते मोगऱ्याच्या मुळाशी आणि पानांवर दिलं. फिशटँकचा पंप मी पुढच्या आठवड्यात पुन्हा बाहेर काढला, तर बापूंनी तो हातातून काढून घेतला.

"त्या बेसूर यंत्राचा चहा माझ्या मोगऱ्याला नको," ते म्हणाले.

"माझ्या मोगऱ्याला," सासूबाई आतून म्हणाल्या.

तेव्हापासून लग्नापर्यंत दर आठवड्याला वीज असतानाही बापू पेटीवर बसत. टब खिडकीखाली, नळी टबात, अडकित्ता पट्टीवर. मोगऱ्याला कळ्या धरल्या. चहानं धरल्या, आम्ही केलेल्या छाटणीनं धरल्या की नुसत्या चैत्रातल्या उन्हानं, ते मोगराच जाणे. बापूंचं मत विचाराल तर भूपानं. लग्नाच्या सकाळी आम्ही बायका परडी परडी फुलं घेऊन गजरे करत बसलो. विहीणबाईंच्या अंबाड्यात गजरा माळताना सासूबाईंची मान इतकी ताठ होती की मला वाटलं, आता मागे पडतील.

मंगलाष्टकांना पायपेटी मांडवात आणली होती. खालची पट्टी मुकीच होती, बापूंनी ती चुकवत वाजवलं. शेवटच्या "शुभमंगल सावधान"ला अक्षता पडल्या आणि पेटी थांबायची सोडून पुढे चालूच राहिली. भटजी बघत राहिले, वऱ्हाडी बघत राहिले. अंतरपाट बाजूला झाला तरी चारू नवऱ्याकडे न बघता बापूंकडेच बघत होती. विहीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई शब्दाच्या पक्क्या हं." मी म्हटलं, "फार."

पुढे बरीच वर्षं गेली. एकदा दुपारी बापू आणि मी ओट्यावर बसलो होतो. सासूबाई आत झोपल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी डीपी गुणगुणत होती. इतक्या वर्षांत मलाही तो सूर ऐकू यायला लागला होता. मला राहवलं नाही.

"बापू, एक सांगू? त्या दिवशी लाइट गेलीच नव्हती. आईंनी फ्यूज काढला होता."

बापूंनी अडकित्त्यात सुपारी धरली होती. त्यांनी ती शांतपणे कातरली.

"डीपी दिवसभर गात होती गं," ते म्हणाले. "कानातला कापूस काढला तेव्हाच ऐकलं मी. पांढरी पाचच्या वर, काळी चारच्या खाली."

"म्हणजे पहिल्यापासून? मग तुम्ही भाता का मारलात?"

"माणूस एवढं खोटं बोलून बोलावतंय म्हटल्यावर जायला नको?" त्यांनी सुपारीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला. "तिला सांगू नकोस हं. फार आनंदात असते ती त्या फ्यूजच्या."